टर्मिनलमध्ये वरचा बाण किती वेळा दाबता?

अंबडची_रात्रपाळी (धागाकर्ता) | सोमवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आयटी बघतो. 'बघतो' म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढण्यापासून सर्व्हरच्या बॅकअपपर्यंत सगळं मीच. सर्व्हर तीन, तिन्हींवर लिनक्स. अकरा वर्षं टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या त्या काळ्या खिडकीत काढली.

गेल्या आठवड्यात एक नवीन मुलगी रुजू झाली. शेजारी खुर्ची टाकून काम बघत होती. मला परवाची बॅकअपची कमांड हवी होती, म्हणून वरचा बाण दाबत सुटलो, दर दाबाला एकेक जुनी कमांड येते. टक टक टक टक. तिसाव्या का पस्तिसाव्या टकटकीला ती दिसली, पण बोट लयीत होतं, पुढे निसटलं. मग खालचा बाण. ती हळूच म्हणाली, "सर, तुम्ही रोज असंच करता?" चेष्टेने विचारलं असतं तर चाललं असतं हो. तिने काळजीने विचारलं.

मग तिने कंट्रोल आणि आर एकत्र दाबलं, 'बॅक' एवढी तीन-चार अक्षरं टाइप केली आणि अख्खी कमांड समोर हजर. मी चहा आणायला गेलो.

आता प्रश्न. पंचेचाळिशी उलटल्यावर हे सगळं नव्याने शिकावं का? नेटवर याद्या पाहिल्या, एकेका यादीत ऐंशी-ऐंशी शॉर्टकट. पाढे पाठ करायचं वय गेलं. तुम्ही स्वतः रोज काय वापरता, तेवढंच सांगा. आणि ज्यांना हा सगळा मिरवण्याचा प्रकार वाटतो त्यांनीही खुशाल लिहा, मला आधार वाटेल.

(कमांड देवनागरीतच लिहितोय. मोबाइलवर दर शब्दाला लिपी बदलायचा कंटाळा आहे.)

---

सातपूरकर | सोमवार, रात्री ११:०४

पहिला! बाण दाबणाऱ्यांच्या संघटनेत मीही आहे. वाचतोय.

---

कॉलेजरोड_कंसवाली | सोमवार, रात्री ११:३१

पाठ काही करू नका. मी एक करते: मॉनिटरच्या कडेला एकच चिठ्ठी, तिच्यावर एकच शॉर्टकट. आठवडाभर तो वापरायचा. हाताला बसला की चिठ्ठी फाडायची, दुसरी लावायची. वर्षाला पन्नास होतील म्हणून घाबरू नका, मी आठ-नऊवर थांबले आणि पुढचं कधी अडलं नाही.

त्या आठ-नवांतले खरे कमावते हे. कंट्रोल+ए ओळीच्या सुरुवातीला नेतं, कंट्रोल+ई शेवटाला. कंट्रोल+डब्ल्यू मागचा एक शब्द खातं. कंट्रोल+यू कर्सरपासून सुरुवातीपर्यंतचं सगळं खातं, कंट्रोल+के शेवटापर्यंतचं. आणि खाल्लेलं पोटात जात नाही, कंट्रोल+वाय दाबलं की परत बाहेर येतं. म्हणजे अर्धी लांबलचक कमांड टाइप झाल्यावर "अरे, आधी फोल्डर तपासायला हवा होता" असं आठवलं तर कंट्रोल+यू, फोल्डर बघा, कंट्रोल+वाय. हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी ऑफिसात एकटीच हसले होते.

आणखी एक, कोणी सांगत नाही असं. पासवर्ड टाइप करताना अक्षरं दिसत नाहीत, मध्येच चुकल्यासारखं वाटतं आणि आपण बॅकस्पेस बडवत बसतो. त्याऐवजी कंट्रोल+यू. सगळं साफ, पुन्हा पहिल्यापासून.

---

आयफोनवाला_नाशिकरोड | सोमवार, रात्री ११:४०

छोटी दुरुस्ती. मॅकवर कंट्रोल+यू पूर्ण ओळ उडवतं, कर्सर कुठेही असो. मॅकवर २०१९ च्या कॅटलिनापासून झेडशेल हेच ठरलेलं शेल (टाइप केलेली कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) आहे, आधी बॅश होतं. सवय असलेल्याला पहिल्या दिवशी धक्का बसतो.

---

माऊसभक्त | मंगळवार, सकाळी ८:१५

धागाकर्त्यांनी आधार मागितलाय म्हणून देतो.

हा सगळा मिरवण्याचाच प्रकार आहे. मी तेवीस वर्षं संगणकावर हिशेब करतो. बाण तीस वेळा दाबायला किती वेळ लागतो? सहा सेकंद. दिवसातून दहा वेळा दाबले तर एक मिनिट. त्या एका मिनिटात तुम्ही काय गोवर्धन उचलणार आहात? वेळ जातो तो काय करायचं हे ठरवण्यात, बोटं हलवण्यात जात नाही. ज्यांना विचार करायचा कंटाळा आहे त्यांची बोटं फार वेगाने चालतात, असं माझं निरीक्षण आहे.

माझ्या ऑफिसातल्या लिनक्सवर चांगला फाइल मॅनेजर आहे. उंदीर जिंदाबाद.

---

कॉलेजरोड_कंसवाली | मंगळवार, सकाळी ८:४९

@माऊसभक्त, सहा सेकंदांचा मुद्दा मान्य. पण त्या सहा सेकंदांत डोळ्यांसमोरून तीस जुन्या कमांड सरकतात, आणि आपण काय करायला निघालो होतो ते मी तरी विसरते. मोजायचंच असेल तर तेही मोजा.

---

जळगावचा_भो | मंगळवार, सकाळी ९:०२

काकांचं बरोबर आहे ना भो. विचारही करायचा आणि बोटंही चालवायची, दोन्ही एकाच पगारात कसं जमायचं?

---

पंचवटी_पासधारक | मंगळवार, सकाळी ९:३८

गाडीतूनच लिहितोय, कसाऱ्याच्या पुढे आहे, म्हणून आता नेट आहे.

माझ्यासारखे नाशिक रोड ते मुंबई रोज पंचवटी एक्सप्रेसने जाणारे-येणारे असतील त्यांच्यासाठी: शॉर्टकट राहू द्या, आधी टीमक्स शिका. मी पूर्वी गाडीतून सर्व्हरला जोडून एक लांबलचक डेटा-कॉपी लावायचो. इगतपुरी गेली, घाट सुरू झाला, पहिल्या बोगद्यात नेट गेलं की जोडणी तुटायची. जोडणी तुटली की शेल मरतं आणि जाताना आपल्या पोरांनाही घेऊन जातं, म्हणजे चालू असलेली कॉपीही बंद. कसाऱ्याला नेट आलं की पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळी परतीच्या गाडीत तेच, फक्त स्टेशनांचा क्रम उलटा. असं मी चार महिने केलं, सांगायला लाज वाटते.

टीमक्समध्ये काम सर्व्हरवरच्या सत्रात चालतं, तुमची जोडणी म्हणजे नुसती खिडकी. खिडकी बंद झाली तरी आत स्वयंपाक चालू. आपणहून बाहेर पडायचं असेल तर कंट्रोल+बी दाबून सोडायचं, मग डी. परत आल्यावर 'टीमक्स अटॅच'. आता बोगदा आला की मी खिडकीतून बाहेर बघतो. पावसाळ्यात घाट बघण्यासारखा असतो हे मला सहाव्या वर्षी कळलं.

---

पंचवटी_पासधारक | मंगळवार, सकाळी ९:४४

राहिलंच. याच कामासाठी जुने लोक 'स्क्रीन' वापरतात. ते १९८७ चं आहे, टीमक्स २००७ चं. स्क्रीनची किल्ली कंट्रोल+ए आहे, म्हणजे वर ताईंनी सांगितलेलं ओळीच्या सुरुवातीला जाणं तिथे नुसत्या कंट्रोल+एने होत नाही. आमच्या डब्यात यावरून दोघांचं एकदा खरोखर वाजलं होतं.

---

सातपूरकर | मंगळवार, सकाळी १०:१०

डब्यात बसायच्या जागेवरून वाजतं हे माहीत होतं. कंट्रोल+एवरून वाजणारा डबा कुठला? पास काढतो.

---

निफाडचा_द्राक्षवाला | मंगळवार, दुपारी १:२०

मी आयटीतला नाही. बी.एस्सी. करून घरची बाग बघतो. पण हे प्रकरण माझ्याही घरात शिरलंय, म्हणून लिहितो.

बागेत हवामानाचं एक छोटं यंत्र बसवलंय. तापमान, आर्द्रता, पान ओलं आहे की कोरडं, याची दर मिनिटाला एक ओळ लिहितं. डाऊनी या रोगाचा आमच्याकडे सगळा खेळ ओलाव्यावर, त्यामुळे किती तास पान ओलं राहिलं हे कळलं तर फवारणी कधी करायची आणि कधी टाळायची याचा अंदाज बांधता येतो. दोन वर्षांची फाइल एक्सेलमध्ये उघडली आणि शेवटचे जवळजवळ दोन दिवस दिसेनात. यंत्र बिघडलं म्हणून दुरुस्तीवाल्याला फोन केला. त्यानेही दोन तास तारा तपासल्या.

मग भाच्याने हिशेब मांडून दाखवला. वर्षाची मिनिटं ५,२५,६००. दोन वर्षांच्या ओळी १०,५१,२००. आणि एक्सेलच्या एका पानावर मावतात १०,४८,५७६. उरलेल्या ओळी फाइलमध्ये व्यवस्थित होत्या, पानावर मावत नव्हत्या इतकंच. यंत्र बिचारं निर्दोष.

त्याने मला टर्मिनल उघडून दिलं. 'ग्रेप'ने 'ओले' असलेल्या ओळी गाळून घ्यायच्या, 'कट'ने तारखेचा रकाना काढायचा, 'सॉर्ट' करायचं, 'युनिक -सी'ने मोजायचं. मध्ये उभी रेघ | टाकत जायची. एका ओळीत कुठल्या तारखेला किती मिनिटं पान ओलं होतं ते आलं.

मला हे लगेच समजलं, कारण हे ठिबकच आहे. एका नळीचं तोंड दुसरीत बसवायचं, मध्ये गाळणी लावायची, पाणी पुढे. भाचा म्हणाला, मामा, ज्याने ही कल्पना काढली त्यानेही नळीचंच उदाहरण दिलं होतं. बेल लॅब्जचे डग मॅकिलरॉय. १९६४ च्या एका टिपणात त्यांनी लिहिलं होतं की बागेतल्या पाण्याच्या नळीसारखे प्रोग्राम एकमेकांना जोडता यायला हवेत. युनिक्स या संगणकप्रणालीत ते प्रत्यक्ष आलं १९७३ ला. अमेरिकेतला माणूस, पण बागायतदाराचं डोकं.

---

कॉलेजरोड_कंसवाली | मंगळवार, दुपारी १:४५

वा! एक सांगून ठेवते, पुढे कोणी अडखळू नये म्हणून. 'युनिक' फक्त लागोपाठच्या सारख्या ओळी एकत्र करतं. आधी सॉर्ट केलं नाही तर तीच तारीख दहा ठिकाणी वेगवेगळी मोजली जाते. तुमच्या फाइलमध्ये ओळी तारखेनुसारच असतील, म्हणून तुमचं सॉर्टशिवायही निभावलं असतं. बाकीच्यांनी विसरू नये.

---

माऊसभक्त | मंगळवार, दुपारी २:०५

एक्सेलमध्ये फाइलचे दोन तुकडे करून पिव्हट टेबल लावलं असतं तरी हेच आलं असतं.

---

निफाडचा_द्राक्षवाला | मंगळवार, दुपारी २:३०

आलं असतं की. पण तुकडे कुठे पाडायचे हे कळायला आधी फाइल उघडायला पाहिजे ना साहेब, आणि ती उघडेपर्यंत आमचा लॅपटॉप पंप लावल्यासारखा आवाज करतो.

---

मात्रा_वेलांटी | मंगळवार, दुपारी ३:१२

मी मराठी टायपिंग करते, इनस्क्रिप्ट कळफलकावर. माझी अडचण निराळी. मजकूर लिहिता लिहिता टर्मिनलला जाते आणि कळफलक मराठीवरच राहतो. एलच्या जागी त, एसच्या जागी मात्रा. म्हणजे 'एलएस' (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) लिहायला गेलं की उमटतं 'ते', आणि शेल उत्तर देतं, "ते: कमांड नॉट फाउंड". ते सापडले नाहीत! पहिल्यांदा वाचून मी घरात हाक मारली होती, "अहो, कुठे आहात?"

परवा 'पिंग' टाइप केलं तर उमटलं 'जगलु'. सर्व्हर जिवंत आहे का हे विचारायला गेले आणि तोच आधी "जगलु" म्हणाला.

---

जळगावचा_भो | मंगळवार, दुपारी ३:१५

=)) =)) 'जॉब्स'चं काय होतं ताई?

---

मात्रा_वेलांटी | मंगळवार, दुपारी ३:१९

'रदवे'. आडनावच वाटतं. रदवे, मु. पो. सिन्नर.

---

सातपूरकर | मंगळवार, दुपारी ३:२२

मग 'मॅन' लिहून पाहिलं. 'सोल' येतं. शेल आपल्याला कांदा समजतंय.

---

मात्रा_वेलांटी | मंगळवार, दुपारी ३:२६

गंमत सोडा, यावर उपाय आहे का कोणाकडे? मी सध्या नवीन नावंच देऊन ठेवलीत. ज्या फाइलमधून शेल सुरुवातीला सूचना वाचतं त्यात 'एलियास' टाकून 'ते' म्हणजे 'एलएस' असं सांगितलंय. चालतंय. पण फोल्डर बदलायच्या 'सीडी'चं 'म्' होतं, तिथे मला स्वतःचीच लाज वाटली.

---

गारठलेला_गंगापूररोड | मंगळवार, रात्री ९:४८

सगळे कंट्रोल+आरची आरती करताहेत, म्हणून एक इशारा. नोकरी जाता जाता वाचली होती. कंपनीचं नाव नको.

रात्री दीड वाजता सर्व्हर हळू चालतोय म्हणून फोन. मला लॉगची, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींची, शेवटची पानं बघायची होती. कंट्रोल+आर, 'लॉग', एंटर. डोळे अर्धे मिटलेले, ओळ वाचलीच नाही. 'लॉग' हा शब्द शेवटचा ज्या कमांडमध्ये आला होता ती होती आदल्या आठवड्यातली 'आरएम -आरएफ', जुने लॉग पुसण्यासाठी दिलेली. तारांकनासकट, म्हणजे सगळ्याच फाइली. सर्व्हर का हळू चालत होता हे ज्या फाइलींत लिहिलं होतं, नेमक्या त्याच गेल्या. दुसऱ्या दिवशी बैठकीत मला विचारलं, कारण काय सापडलं? मी म्हटलं, कारण होतं.

तेव्हापासून माझे नियम:

सापडलेल्या ओळीवर थेट एंटर नाही. आधी उजवा बाण किंवा कंट्रोल+ई, म्हणजे ओळ साधी होऊन हातात येते, वाचायची, मग एंटर. चुकीची ओळ आली तर पुन्हा कंट्रोल+आर, आणखी जुनी येते. सगळंच नको असेल तर कंट्रोल+जी.

दुसरं, पुसापुशीची कमांड लिहिताना आधी एक स्पेस द्यायची. उबुंटूवर बॅशची सोय अशी असते की स्पेसने सुरू झालेली ओळ इतिहासात नोंदली जात नाही. इतर ठिकाणी 'हिस्टकंट्रोल' या चलात 'इग्नोरस्पेस' लिहून ठेवा. जी कमांड पुन्हा कधीच नकळत चालायला नको ती नोंदवायचीच कशाला?

---

माऊसभक्त | मंगळवार, रात्री १०:०१

मी काय म्हणत होतो? फाइल मॅनेजरमध्ये ती कचरापेटीत गेली असती.

---

गारठलेला_गंगापूररोड | मंगळवार, रात्री १०:०४

मान्य. हा रन तुमचा.

---

अंबडची_रात्रपाळी (धागाकर्ता) | मंगळवार, रात्री ११:१५

बाप रे, एवढे प्रतिसाद! चिठ्ठी लावली आहे. पहिली कंट्रोल+आर. पण एक गोची: काल दुपारी दिलेली कमांड आज सापडतच नाही. मी नक्की दिली होती. दोन खिडक्या उघड्या होत्या, त्यातल्या एकीत.

---

कॉलेजरोड_कंसवाली | मंगळवार, रात्री ११:२९

दोन खिडक्या, तिथेच उत्तर आहे. बॅश आपला इतिहास मनात ठेवतं आणि खिडकी बंद करताना फाइलमध्ये लिहितं. काही सर्व्हरवर ते आधीच्यात भर न घालता फाइल नव्याने लिहितं. म्हणजे जी खिडकी शेवटी बंद होते तिचाच इतिहास खरा. (असं फक्त संगणकातच होतं असं नाही, पण तो वेगळा धागा.) 'शॉप्ट -एस हिस्टअपेंड' ही ओळ बॅशआरसी फाइलमध्ये टाका, मग प्रत्येक खिडकी आपली भर शेवटी घालते. आणि 'हिस्टसाइझ' बघून घ्या. काही सांगितलं नसेल तर बॅश ५०० ओळीच ठेवतं. तुमच्या टकटकीच्या वेगाने दोन दिवसांत भरेल.

---

टंकलेखनाचे_दिवस | बुधवार, सकाळी ७:१०

मी निवृत्त आहे, वय ७१. सकाळी गोदाकाठी फेरी मारून आलो आणि धागा वाचला.

या सर्व किल्ल्यांमागे एक साधी युक्ती आहे, ती कळली की निम्म्या आपोआप लक्षात राहतात. अक्षरांना क्रमांक देणाऱ्या आस्की सारणीत, जी प्रथम १९६३ साली ठरली, ए म्हणजे ६५, बी म्हणजे ६६ असं आहे. कंट्रोल धरलं की त्यातून ६४ वजा होतात. कंट्रोल+ए म्हणजे १, कंट्रोल+सी म्हणजे ३, कंट्रोल+एम म्हणजे १३. आणि १३ म्हणजे कॅरेज रिटर्न, टंकयंत्राचा गाडा ढकलून पुन्हा ओळीच्या सुरुवातीला येणं. एंटर हेच पाठवतं.

याचा व्यवहारात उपयोग मला एकदाच झाला, पण चांगला झाला. नातवाने लॅपटॉपवर उसाचा रस सांडला आणि एंटरची कळ चिकटली. दुकानदार म्हणाला, दोन दिवस लागतील. मी टर्मिनलमध्ये दोन दिवस कंट्रोल+एमवर काढले. नातवाला वाटलं आजोबा जादू करतात, आणि मीही त्याचा गैरसमज दूर केला नाही.

आता एक महत्त्वाची सूचना, विशेषतः वर्डमधून आलेल्या मंडळींना. दर दोन मिनिटांनी कंट्रोल+एस दाबून साठवायची सवय असते. टर्मिनलमध्ये ते दाबू नये. स्क्रीन गोठते, काहीही टाइप केलं तरी दिसत नाही, आणि माणूस यंत्र बंद करून चालू करतो. प्रत्यक्षात काहीही बिघडलेलं नसतं. टेलिप्रिंटरच्या काळात छापणारं यंत्र मागे पडलं की "थांब" असा संकेत पाठवायचे, त्याचा क्रमांक १९. एस हे इंग्रजीतलं एकोणिसावं अक्षर. "चल" या संकेताचा क्रमांक १७, म्हणजे क्यू. म्हणून कंट्रोल+क्यू दाबलं की सगळं जिथे होतं तिथून पुढे सुरू होतं. ही सोय नकोच असेल तर 'एसटीटीवाय -आयएक्सऑन'.

---

सातपूरकर | बुधवार, सकाळी ७:३१

काका, हात जोडले. मी आजवर किमान वीस वेळा खिडकी बंद करून नवी उघडली आहे. वीस वेळा!!

---

जळगावचा_भो | बुधवार, सकाळी ९:११

मी तर सर्व्हर हँग झाला म्हणून डेटा सेंटरला तिकीट टाकलं होतं ना भो. त्यांनी "तपासलं, ठीक आहे" असं उत्तर देऊन बंद केलं. त्यांच्या नावाने मी वर्षभर खडे फोडले.

---

व्हीआय_शिवाय_नाही | बुधवार, सकाळी ११:४०

इतके प्रतिसाद झाले आणि एकानेही 'सेट -ओ व्हीआय' लिहिलं नाही? वरचे सगळे शॉर्टकट ईमॅक्स या एडिटरच्या पद्धतीचे आहेत, म्हणजे करंगळी कायम कंट्रोलवर. ती एका ओळीची कमांड द्या, मग एस्केप दाबून एच-जे-के-एलने फिरा. बिल जॉय यांनी व्हीआय हा एडिटर लिहिला तो एडीएम-३ए टर्मिनलवर. त्याच्या कळफलकावर बाण याच चार अक्षरांवर छापलेले होते. घरचा रस्ता सोडून वळणाने कशाला जायचं?

---

कॉलेजरोड_कंसवाली | बुधवार, सकाळी ११:५२

आले. वाटच बघत होते.

---

आयफोनवाला_नाशिकरोड | बुधवार, दुपारी १२:०३

धाग्याला पन्नास प्रतिसाद व्हायच्या आत व्हीआयवाला आला नाही तर तो धागा शेलचा नाही.

---

व्हीआय_शिवाय_नाही | बुधवार, दुपारी १२:०९

हसा. संध्याकाळी करंगळी दुखली की माझी आठवण काढा.

---

निफाडचा_द्राक्षवाला | बुधवार, दुपारी १२:४०

करंगळीला द्राक्षछाटणीचा अनुभव द्या, मग कंट्रोल म्हणजे काहीच नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात या, कात्र्या देतो.

---

पंचवटी_पासधारक | बुधवार, रात्री ८:१७

एक अजून, आजच डब्यात आठवलं. आल्ट+टिंब. मागच्या कमांडचा शेवटचा शब्द इथे आणून ठेवतं. लांब नावाचा फोल्डर तयार केला की 'सीडी', स्पेस, आल्ट+टिंब. पुन्हा दाबलं की त्याच्या आधीच्या कमांडचा. काही टर्मिनलमध्ये आल्ट दाबलं की वरचा मेनू उघडतो, तिथे एस्केप दाबून सोडायचं आणि मग टिंब.

'सीडी -' तर सगळ्यांना माहीत असेलच, आधी होतो त्या फोल्डरात परत. आमच्यासारख्या रोज जा-ये करणाऱ्यांचं बोधचिन्ह आहे ते.

---

गारठलेला_गंगापूररोड | बुधवार, रात्री ९:३०

'सुडो !!' राहिलं. परवानगी नाही म्हणून कमांड नाकारली की हे लिहायचं, तीच कमांड अधिकार घेऊन पुन्हा चालते. पण माझ्यासारखे पोळलेले असाल तर आधी 'शॉप्ट -एस हिस्टव्हेरिफाय' करून ठेवा. मग उद्गारचिन्हाचा विस्तार होऊन ओळ समोर येते आणि एंटरची वाट बघते. उद्गारचिन्ह असलेल्या गोष्टी जरा थांबून करणं बरं.

---

अंबडची_रात्रपाळी (धागाकर्ता) | पुढचा सोमवार, रात्री ११:०५

मंडळी, आठवडा झाला, हिशेब देतो.

चिठ्ठीचा उपाय लागू पडला. कंट्रोल+आर हाताला बसलं. थेट एंटर मारत नाही, आधी कंट्रोल+ई. दुसरी चिठ्ठी कंट्रोल+यूची लागली आहे, पासवर्डसाठी तर रोज. आल्ट+टिंब आमच्या टर्मिनलमध्ये मेनूच उघडतं, एस्केप-टिंब चालतं पण अजून बोटं गोंधळतात. टीमक्स पुढच्या महिन्यात. व्हीआय या जन्मात नाही, क्षमस्व.

माऊसभक्त साहेबांचा सहा सेकंदांचा हिशेबही खरा निघाला. घड्याळ लावून पाहिलं, दिवसाला दीड मिनिटापेक्षा जास्त वाचत नाही. फरक दुसरीकडे पडला. पूर्वी मी लांब कमांड दुरुस्त करायचं टाळायचो, "जाऊ दे, आहे तसं चालतंय" म्हणून. बॅकअपच्या कमांडमध्ये एक फोल्डर दोन वर्षांपासून सुटलेला होता, माहीत होतं, पण एवढ्या लांब ओळीत बाणाने मध्यापर्यंत जायचं जिवावर यायचं. परवा कंट्रोल+ए, मग आल्ट+एफने शब्द-शब्द उडी मारत पोचलो आणि फोल्डर घातला. (आल्ट+एफ मात्र इथे चालतं, का ते विचारू नका.)

आणि ती मुलगी. शुक्रवारी तिने मोठी कॉपी लावली आणि खिडकी अडकली म्हणून दुसरी उघडायला निघाली. मी म्हटलं, थांब. कंट्रोल+झेड, कॉपी थबकली. 'बीजी', एंटर, कॉपी मागे सुरू आणि खिडकी मोकळी. पुन्हा समोर हवी असेल तर 'एफजी'. तिला हे माहीत नव्हतं. मलाही गुरुवारी रात्रीपर्यंत माहीत नव्हतं, 'मॅन बॅश' वाचताना सापडलं. ते तिला सांगितलं नाही.

---

टंकलेखनाचे_दिवस | मंगळवार, सकाळी ७:०५

उत्तम. सांगूही नका.

---

सातपूरकर | मंगळवार, सकाळी ८:२०

मी अजून बाणावरच आहे. पण आता टकटक मोजतो. कालचा विक्रम ६२.

---

माऊसभक्त | मंगळवार, दुपारी ४:४३

जरा घाईचं आहे. आमच्या आयटीवाल्याने रजेवर जाताना मला महिनाअखेरीची एक कमांड टर्मिनलमध्ये चालवायला सांगितली होती. अर्धी टाइप करून सवयीने सेव्ह केलं, आणि तेव्हापासून काहीही उमटत नाही. एंटर, एस्केप, सगळं करून झालं. बंद करू का?

---

मात्रा_वेलांटी | मंगळवार, दुपारी ४:४५

कंट्रोल+क्यू. आणि आता एंटर दाबला असेल तर काय चाललंय ते आधी वाचा.

---

माऊसभक्त | मंगळवार, दुपारी ४:४७

आलं. अर्धीच कमांड गेली होती, त्यामुळे नुसती चूक दाखवून थांबली. धन्यवाद.

मत कायम आहे.